दोन ओळींमधला दम

वणीहून झरीला जाणाऱ्या सकाळच्या बसनं मी बरीच वर्षं शाळेत शिकवायला जाते. त्या बसवर दीपा कंडक्टर आहे. उंच, किरकोळ अंगाची, गणवेशाला कायम इस्त्री. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण त्या गर्दीतही दीपाला कधी ओरडावं लागत नाही. ‘सरका मागं’ असं ती साध्या आवाजात म्हणते आणि ते शेवटच्या बाकापर्यंत पोचतं. आवाज कसा फेकायचा हे ही बाई कुठंतरी शिकलेली आहे असं मला वाटायचं. विचारलं मात्र कधी नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात त्या बसमध्ये एक नवा प्रकार सुरू झाला. मुकुटबनला कामाला जाणारे पाच-सहा पोट्टे मागच्या बाकावर बसायचे. दीपा तिकिटाची मशीन घेऊन त्यांच्यापर्यंत गेली की एकजण मोबाईलवर गाणं लावायचा. गाण्यातला पुरुष ‘दम घे’ म्हणायचा आणि थांबायचा. तो थांबला की हे सगळे जोरजोरात धापा टाकल्याचे आवाज काढायचे. मग त्यातला एक अगदी सभ्यपणे म्हणायचा, “मॅडम, दम घ्या जराक.”

दीपा तिकीट काढून त्याच्या हातात द्यायची आणि पुढं यायची. आपल्या जागेवर बसून खिडकीबाहेर कापसाची वावरं पाहायची. दुसरं काय करणार? चालत्या बसमधून बाकी कोणीही उतरू शकतं, कंडक्टर उतरू शकत नाही.

ते गाणं राजदीपचं. राजदीप हा राजूरचा, खाणकामगाराचा मुलगा. मराठीत रॉक गाऊन नाव काढणारे जे थोडे झाले त्यांतला एक. पुण्यात राहायचा, कॉलेजांच्या मैदानांवर त्याच्या कार्यक्रमाला पोरांची जत्रा लोटायची. दारूनं यकृत गेलं आणि चाळिशी गाठायच्या आत तो वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचं चरित्र बाजारात आलं. मुखपृष्ठावर फुटकी बाटली आणि तुटकी गिटार. आत त्यानं फोडलेल्या हॉटेलच्या खोल्या, पोलीस चौकीतली भांडणं, तो कोणत्या बाईबरोबर किती राहिला, कोणी कोणाला का सोडलं, सगळं बारकाईनं. एखादं गाणं त्यानं कसं बांधलं, चाल कुठून सुचली, आवाजावर काय मेहनत घेतली, याबद्दल त्या जाडजूड पुस्तकात धड दोन पानं नव्हती. गाण्यांची नावं यायची ती फक्त कोणतं गाणं कोणत्या लफड्यानंतर आलं हे सांगायला.

त्यातलं एक प्रकरण राजूरवर होतं आणि त्या प्रकरणात दीपा होती. आडनाव दिलेलं नव्हतं, पण ‘ती आज वणी-झरी मार्गावरच्या लाल बसमध्ये तिकिटं देते’ हे वाक्य होतं. मग आडनाव कशाला पाहिजे? लेखकाचं म्हणणं असं की दीपा आणि राजदीपचे संबंध होते. दोन हजार सात साली ती गावातून काही महिने नाहीशी झाली. ‘कारण वाचकांना सांगायला नको,’ असं त्यानं लिहिलं होतं. आणि त्या पापाच्या टोचणीतून राजदीपचं सर्वांत गाजलेलं गाणं जन्मलं, ‘दम घे’. त्यातला दम म्हणजे गांजाचा दम आणि दोन शरीरांचा दम. ओळी तुटक का? तर ती धाप आहे, कसली ते समजून घ्या.

खरं काय झालं ते मला दीपानं सांगितलं, तेही पुष्कळ नंतर, थोडं थोडं करून.

दीपाचे वडील देवराव राजूरच्या खाणीत होते. आई लवकर गेली. मोठा भाऊ धम्मरत्न. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ढोल-ताशे वाजवता वाजवता त्याला ड्रमचं वेड लागलं. राजदीप त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्यानं नागपूरहून जुनी गिटार आणली होती. अन्सारभाई नावाचे एक मेकॅनिक खाणीच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांनी दुकानामागची टिनाची शेड या पोरांना दिली आणि जुन्या भोंग्यांचे सुटे भाग जोडून एक अॅम्प्लिफायर करून दिला. बँडचं नाव ‘तिसरी पाळी’. खाणीत ज्या पाळीला कोणी राजी नसतं, ती.

दीपा तेव्हा वणीला कॉलेजात जायची. लहानपणापासून विहारात वंदना आणि गाणी म्हणत आलेली. एकदा भावाला डबा द्यायला शेडमध्ये गेली. गिटार चालू होती, ती सहज त्यावर गुणगुणली. राजदीपनं वाजवणं थांबवलं आणि तिला म्हणाला, पुन्हा म्हण. त्या दिवसापासून ‘तिसरी पाळी’ला गाणारी मिळाली. गावात थोडी कुजबूज झाली. देवरावांनी मनाई केली नाही, भाऊ बरोबर आहे ना, एवढंच म्हणाले.

वर्षभर चांगलं चाललं. मग दीपाचा आवाज तुटायला लागला. आवाज खणखणीत होता, पण लांब ओळ ओढताना मध्येच श्वास संपायचा. खोकला यायचा. कोळशाची धूळ, राजूरला कोण खोकत नाही, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. तिनं राजदीपला सांगितलं की मला जमत नाही, दुसऱ्या कोणाला घ्या.

राजदीपनं गिटार मांडीवर घेतली. मग म्हणाला, “तुले जितकी जमते तितकीच ओळ. बाकीचं गिटार पाहून घेईल.”

आणि तो खरंच तसं बसवायला लागला. खाणीतून वर येणाऱ्या माणसाला वर उभी असलेली बाई हाक मारते असं ते गाणं होतं. दीपा दोन-तीन शब्द म्हणायची: ‘दम घे. वर ये. खाली अंधार हाय. वर ये.’ प्रत्येक ओळीनंतर ती श्वास घ्यायची आणि तेवढ्या वेळात राजदीप दोन सूर वाजवून थांबायचा. श्वासाला कधी कमी वेळ लागायचा, कधी जास्त. तो तिच्याकडं पाहत राहायचा आणि ती तयार दिसली की पुढची ओळ उघडायचा. धम्मरत्नला सुरुवातीला हे काही केल्या जमेना, ठेका कधी पडेल याचा भरवसा नसायचा. राजदीपनं त्याला सांगितलं की हात मोजून मारू नको, दीपाच्या खांद्याकडं पाहा. खांदा खाली आला की मार. दीपा मला सांगत होती, “मॅडम, माह्या तुटक्या दमाची त्यानं चाल केली. मले लाज वाटत होती ते झाकलं नाही, तेच गाणं केलं.”

ते गाणं लोकांपुढं एकदाही गायलं गेलं नाही. एका दुपारी तालीम चालू असताना दीपाला खोकल्याची उबळ आली आणि ओढणीवर रक्त पडलं. अन्सारभाईंनी दुकान बंद करून तिला गाडीत घातलं. वणीच्या डॉक्टरांनी टीबी सांगितला.

देवराव घाबरले ते रोगाला नाही. औषध आहे, पोरगी बरी होईल, हे त्यांना कळत होतं. ते घाबरले नंतरच्याला. टीबी झालेली पोरगी कोण करून घेईल? त्यांनी धम्मरत्न, राजदीप आणि अन्सारभाई तिघांना घरी बोलावून बसवलं आणि सांगितलं की हे या घराबाहेर जाऊ देऊ नका. तिघांनीही मान डोलावली. दीपा नागपूरला मावशीकडं गेली, सगळ्या गोळ्या पूर्ण केल्या, तपासणी केली आणि ठणठणीत होऊन परत आली. तोपर्यंत शेड रिकामी झाली होती. राजदीप पुण्याला निघून गेला होता. जाताना धम्मरत्नला एवढंच म्हणाला होता की ते गाणं मी गाईन, पण तिच्याच दमानं गाईन.

त्यानं शब्द पाळला. ओळी तशाच तुटक ठेवल्या, थांबे तसेच ठेवले. पुढं त्याच्या कार्यक्रमांत त्या थांब्याला हजारो पोरं एकदम श्वास घ्यायची म्हणतात. मुलाखतीत कोणी विचारलं की या गाण्यात इतके थांबे का, तर तो हसून म्हणायचा, मी आळशी आहे. दारू पिऊन त्यानं लोकांना काय काय सांगितलं असेल, पण हे कधी सांगितलं नाही. दीपा हे सगळं टीव्हीवर पाहायची. बघता बघता कूकरची शिट्टी व्हायची आणि ती उठून जायची.

दीपाचं लग्न वणीतल्या सुगतशी झालं. सुगत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, सरळ माणूस. घरी त्याची आई, सत्यभामा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी दीपाला आपली कहाणी सांगितली. त्यांचे मालक, म्हणजे सुगतचे वडील, राळेगावला टीबीनं गेले होते. सुगत तेव्हा अंगणात खेळायच्या वयाचा. नात्यातला एकही माणूस घराचा उंबरा चढला नव्हता. मोलमजुरीच्या बायकासुद्धा त्यांना आपल्या मटक्याचं पाणी घेऊ देत नसत. दूर बसून, ओंजळ धरून पाणी प्यावं लागे. सांगताना सत्यभामाबाई रडल्या नाहीत. फक्त शेवटी म्हणाल्या, त्या रोगाचं नावही या घरात नको.

त्या दिवशी दीपाचं तोंड कायमचं बंद झालं. वडिलांनी घातलेली शपथ होतीच, तिला आता सासूबाईंची भीती जोडली गेली. पुढं देवराव वारले. दीपा एसटीत लागली, मुलगी प्रियंका झाली, मोठी झाली. आणि मग ते पुस्तक आलं.

लेखक ओम हा पुण्यातला तरुण पत्रकार. पुस्तकासाठी तो चंद्रपूरला धम्मरत्नकडं येऊन गेला होता. आपल्या मित्रावर कोणी लिहितंय याचा धम्मरत्नला कोण आनंद. दिवसभर तो ठेक्याबद्दल, शेडबद्दल, अॅम्प्लिफायरबद्दल बोलला. त्यातलं पुस्तकात काहीच आलं नाही. जाताना ओमनं विचारलं की मग दीपा गाणं सोडून गेली कुठं? धम्मरत्न गडबडला. ते घरचं हाय, सांगता येत नाही, असं म्हणून त्यानं मान फिरवली. ओमनं ती फिरवलेली मान तेवढी घरी नेली.

प्रकरणाच्या पानांचे फोटो वणीत मोबाईलवर फिरले. जिनिंगमधल्या कोणीतरी ते सुगतला पाठवले. संध्याकाळी तो घरी आला आणि मोबाईल दीपापुढं ठेवला. सत्यभामाबाई पलीकडं तूर निवडत बसल्या होत्या.

“या दिवसांत तू कोठी होतीस?” सुगतनं विचारलं.

“मावशीकडं. नागपूरले.”

“कायले?”

दीपानं सासूबाईंकडं पाहिलं. त्यांचे हात सुपातच थांबले होते. “असंच,” ती म्हणाली.

सुगतनं मोबाईल उचलला आणि तो बाहेर गेला. त्यानंतर तो तिच्याशी वाईट वागला नाही. चहा घेतला, पगार दिला, प्रियंकाच्या शाळेचं पाहिलं. फक्त नवरा-बायकोत जे कारणाशिवायचं बोलणं असतं, ते बंद झालं. दीपा मला म्हणाली की त्यानं आरडाओरडा केला असता तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

तिनं वकिलाला विचारलं. वकील म्हणाले, खटला जिंकता येईल, पण कोर्टात पहिला प्रश्न हाच येईल की त्या महिन्यांत तुम्ही कुठं होता आणि त्याचे कागद दाखवा. दीपा फी देऊन उठली. मग तिनं भावाकडून नंबर घेऊन ओमलाच फोन लावला. तो अदबीनं बोलला. त्याचं म्हणणं, मी खोटं काही लिहिलेलं नाही, शक्यता मांडली आहे. तुमची बाजू सांगा, दुसऱ्या आवृत्तीत छापतो. दीपा म्हणाली की माझी बाजू नको, ते गाणं कसं झालं ते छापा. त्यावर तो थोडा हसला.

“ताई, गाणं लोक ऐकतात,” तो म्हणाला, “वाचायला त्यांना माणूस लागतो.”

याच दिवसांत बसमधलं ते गाणं आणि त्या धापा सुरू झाल्या. दीपानं ड्यूटी बदलून मागितली. मारेगावच्या गाडीवर दिली, तिथंही आठवड्याभरात कोणीतरी विचारलंच, त्या पुस्तकातल्या दीपा तुम्हीच का. एका म्हातारीनं तर तिच्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं की ते लेकरू कोठी हाय, बाई? दीपा परत झरीच्या गाडीवर आली. निदान इथले चेहरे ओळखीचे होते.

प्रियंका तेव्हा आठवीत होती. तिनं शाळेत जायचं बंद केलं. पोट दुखतं म्हणायची. एका रविवारी सगळे जेवायला बसले असताना तिनं भाकरीचा तुकडा मोडला, खाली ठेवला आणि विचारलं, “आई, मले भाऊ नाहीतर बहीण हाय काय कोठी? पोरी म्हणून राह्यल्या की पुण्याले असंल.”

दीपा म्हणाली, त्या एका वाक्यानं माझी तोंड बंद ठेवलेली सगळी वर्षं संपली. तिनं त्याच ताटावर बसून सगळं सांगितलं. रक्त, वणीचा डॉक्टर, नागपूर, गोळ्या, वडिलांची शपथ. कोणाकडं न बघता सांगत गेली. सांगून झाल्यावर घरात भाजीवरची माशी हाकलायलाही कोणाचा हात हलेना.

सुगत हळू आवाजात म्हणाला, “लग्नाआधी सांगितलं असतं तर मी हो म्हटलं नसतं. म्हणून नाही सांगितलं ना?”

“हो,” दीपा म्हणाली.

“मंग तू बरं केलं का वाईट केलं, मले समजून नाही राह्यलं.” पण तो उठून गेला नाही. जेवण पूर्ण केलं आणि स्वतःचं ताट उचलताना दीपाचंही उचललं.

दुसऱ्या दिवशी दीपा ड्यूटीवरून आली तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सत्यभामाबाईंनी एक ताट, एक वाटी आणि एक पेला वेगळा मांडून ठेवला होता. तिच्यासाठी. रोग बरा होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती. सुगतनं आईला समजावलं, दवाखान्यातली नर्सबाई येऊन सांगून गेली. सत्यभामाबाई ऐकून घ्यायच्या आणि ताट पुन्हा कोपऱ्यात ठेवायच्या. ज्या बाईला एकेकाळी ओंजळीनं पाणी प्यावं लागलं होतं, तिनंच सुनेचा पेला वेगळा केला होता. दीपाला त्यांचा रागही येत नव्हता. हाच तिचा मोठा त्रास होता.

“मॅडम, तो पुस्तकातला डाग परवडला होता,” ती एकदा मला म्हणाली. “त्यात निदान ताट एक होतं.”

हिवाळ्यात ओम स्वतः आला. दीपानंच त्याला बोलावलं होतं. घरात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तर निदान गाण्याचं तरी नीट छापून यावं, असा तिचा हिशेब. तो वणीहून आमच्याच बसनं आला. झरीला बस थोडी थांबते. थांब्यामागं कडूलिंबाचं झाड आहे, तिथं तिघं उभे राहिलो. तिनं मला थांबायला सांगितलं होतं, शाळेला उशीर झाला तरी मी थांबले.

दीपानं त्याला सगळं सांगितलं. रोगाचं थोडक्यात, गाण्याचं सविस्तर. आवाज कुठं संपायचा, गिटार कुठं थांबायची, खांद्याकडं पाहून ठेका कसा पडायचा. शब्दांत सांगून भागेना तेव्हा तिनं झाडाच्या बुंध्यावर बोटांनी ठेका धरला आणि गायली. ‘दम घे. वर ये.’ इतके महिने मी ते गाणं पोट्ट्यांच्या मोबाईलवर ऐकत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ते कोणालातरी जिवंत बाहेर बोलावणारं गाणं आहे. बसच्या पायरीवर बसलेली एक कोलाम आदिवासी बाई मांडीवरच्या पोराला थोपटत होती, तिचा हात थांबला. ओमनं सगळं मोबाईलवर ध्वनिमुद्रित केलं. तोही खरंच हलला होता, त्याच्या डोळ्यांत मी पाहिलं. तो मुलगा वाईट नव्हता. पण मोबाईल खिशात ठेवण्याआधी त्यानं विचारलं, “पण ताई, राजदीपवर तुमचं प्रेम तर होतं ना?”

दीपानं पुष्कळ विचार केला. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ती तिथं खरं सांगायला आली होती.

“व्हतं का नव्हतं, ते मले तवाही कळलं नाही,” ती म्हणाली. “गाणं मात्र कळलं होतं.”

ड्रायव्हर प्रेमसिंग यांनी हॉर्न वाजवला आणि ती बसकडं गेली.

दुसरी आवृत्ती आली तेव्हा मुखपृष्ठावर लाल पट्टी होती: ‘पहिल्या प्रेयसीची कबुली’. राजूरचं प्रकरण वाढलं होतं आणि त्याला ‘क्षय आणि प्रणय’ असं नाव मिळालं होतं. त्यात रक्ताळलेली ओढणी होती. ‘व्हतं का नव्हतं, ते मले तवाही कळलं नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत होतं आणि त्यानंतरचं वाक्य नव्हतं. सगळ्यांत वाईट म्हणजे लेखकानं आता असं मांडलं होतं की प्रेयसीला क्षय झाल्याचं कळताच राजदीप तिला टाकून पुण्याला पळाला आणि त्या अपराधाच्या ओझ्याखाली आयुष्यभर पीत राहिला. ज्या माणसानं मरेपर्यंत तिचं गुपित राखलं, तो त्या गुपितामुळंच पळपुटा ठरला. लेकराची गोष्ट मात्र गेली होती. सुधारणा म्हणायची तर ती एवढीच.

दीपानं ते प्रकरण माझ्या शेजारी बसून, बस उभी असताना वाचलं. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. “माह्यामुळं तोही फसला,” ती म्हणाली. तिला स्वतःपेक्षा त्याचं जास्त लागलं होतं. मी ओमला फोन केला. त्यानं दिलगिरी व्यक्त केली. संपादकांनी जागेअभावी कापलं, म्हणाला.

मागच्या बाकावरच्या पोट्ट्यांनी गाणं लावणं सोडलं. आता दीपा तिकीट द्यायला आली की ते नाकाला रुमाल लावतात. मी एकदा त्यांना बोलले. ते शाळेतल्या पोरांसारखे खाली मान घालून बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रुमाल काढले.

घरातलं मात्र एक सुटलं. एका दुपारी प्रियंकानं शाळेतून येऊन दप्तर टाकलं, कोपऱ्यातलं ते ताट घेतलं, त्यात वरण-भात कालवून घेतला आणि आजीसमोर बसून जेवली. सत्यभामाबाई म्हणाल्या, ते तुह्यं ताट नाही. प्रियंका म्हणाली, माहीत हाय, आणि खात राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आजीनं नातीच्या हातातून ताट ओढून घ्यायला हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. मग ते ताट कधीतरी घासून बाकीच्या ताटांत मिसळलं गेलं. माफी कोणी मागितली नाही. सत्यभामाबाई अजूनही दीपानं दिलेला पेला हातात घेतल्यावर एक क्षण थांबतात. पण पितात.

सुगत आता तिच्याशी बोलतो. पूर्वीसारखं नाही, जरा जपून. एकदा त्यानं तिला विचारलं की ते गाणं मूळ कसं होतं, म्हणून दाखव. तिला म्हणता आलं नाही. आवाज ठीक आहे, दमही पुरतो. पण तोंड उघडलं की पुस्तकातली वाक्यं आधी आठवतात, ती म्हणाली. गाण्याचा तो एकच कोपरा तिचा स्वतःचा होता, तिथंही आता लोक येऊन बसलेत. झरीच्या झाडाखाली गायली ती शेवटचीच.

मी तिला विचारलं की मी हे सगळं लिहू का. ती म्हणाली, लिहा, नाव बदलून तरी आता काय होते. फक्त गाण्याचं नीट लिहा, आणि राजदीप पळाला नव्हता हे लिहा.

गेल्या महिन्यात सिनेमावाले वणीत आले होते. पुस्तकाचे हक्क त्यांनी घेतले आहेत. दीपाचं काम करणारी नटीही बरोबर होती. तिला दीपाचं चालणं-बोलणं जवळून पाहायचं होतं, जमलं तर दोन दिवस तिच्या बसमधून फिरायचं होतं. ते लोक घरी गेले. दार सुगतनं उघडलं. दीपा ड्यूटीवर आहे आणि ती भेटणार नाही, असं त्यानं सांगितलं. त्यांनी मानधनाचं बोलणं काढलं तेव्हा त्यानं पुन्हा तेच वाक्य म्हटलं. आतून सत्यभामाबाई आल्या आणि त्याच्या मागं दाराला धरून उभ्या राहिल्या. ते लोक बराच वेळ गाडीत बसून राहिले आणि मग निघून गेले.

मी हे वणीत ऐकलं आणि दीपाला बसमध्ये सांगितलं, तिला आधीच माहीत होतं. कायर गाव मागं पडलं होतं, बस खच्चून भरली होती. ती दोन्ही बाजूंच्या माणसांत दाबली गेली होती आणि मशीन डोक्याच्या वर धरून पुढं सरकायची वाट शोधत होती.

“येतील परत,” ती म्हणाली, आणि मागून कोणीतरी तिकीट मागितलं म्हणून तिकडं वळली.